रामटेकेताईंची ऑक्टोबरची रजा

सरकारी रजेच्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. त्या रकान्यात माणसं काय काय लिहितात, देवाशपथ सांगते, हसावं की रडावं कळत नाही. माझ्या सेक्शनमधल्या एका गृहस्थांची आजी आतापर्यंत तीनदा वारली आहे. दुसऱ्या एकाच्या घराला बरोबर होळीच्या आधी वाळवी लागते. आता सह्या करायच्या खुर्चीत मी बसते, त्यामुळे हे सगळं माझ्याच टेबलावरून जातं आणि मीही मुकाट्यानं सही ठोकते. पण ऑक्टोबर लागला, संध्याकाळी गेटपाशी सप्तपर्णीचा तो डोकं धरायला लावणारा वास सुटला, की मला एकच अर्ज आठवतो. त्यात कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'घर पर बैठना है.'

अर्ज शकुंतला रामटेके यांचा. त्या मूळच्या भंडाऱ्याकडच्या. परीक्षा देऊन एकट्या दिल्लीत आल्या, इथेच नोकरी केली, इथेच संसार केला, मयूर विहारच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. ठेंगण्या, चालायला भलत्याच चपळ, कडक स्टार्चची सुती साडी आणि नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी ताई म्हणायची. त्या मला 'सातारकर' म्हणत. माझं आडनाव ते नाही, पण पहिल्या दिवशी गाव विचारलं आणि तेच चिकटवून टाकलं ते कायमचं.

मी तेव्हा नुकतीच लागले होते. मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहत होते, हिंदीत दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती, आणि अख्ख्या सेक्शनमध्ये मराठी अशा त्या एकट्याच. म्हणून मी त्यांच्याच शेजारचं टेबल धरून बसले होते, त्यामुळे तो सगळा प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत झाला. आमच्या वरच्या साहेबांना आपण बत्रासाहेब म्हणू. त्यांनी अर्ज हातात धरून ताईंना बोलावलं.

"मैडम, ये क्या लिखा है?"

"जो करना है, वही लिखा है, सर."

"घर पर बैठना भी कोई रीज़न होता है? लिखिए, घर में शादी है. नहीं तो लिखिए, घर का काम है."

"शादी है नहीं. और काम तो मैं बिल्कुल नहीं करूँगी. बैठूँगी."

टाइप करणारे हात थांबले. पलीकडच्या टेबलावरच्या गुप्ताजींनी चहाचा कप तोंडाशी नेला तो तसाच धरून ठेवला. बत्रासाहेबांनी अर्जावर मोठा शेरा मारून तो वर पाठवला. चार दिवसांनी तो परत आला, आणि बत्रासाहेबांच्याही वरच्या साहेबांनी काय लिहावं? नियमांत घरी बसायला मनाई दिसत नाही, काम अडत नसेल तर रजा द्यावी. त्या दिवसापासून ताईंचं नाव 'बैठनेवाली मैडम' पडलं. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. कसला राग! फोनवरसुद्धा त्या स्वतःची ओळख तशीच करून द्यायला लागल्या.

"अहो, पण लिहायचं ना काहीतरी," मी म्हटलं. "सगळेच लिहितात."

"खोटं लिहून घेतली का, ती रजा चोरल्यासारखी वाटते बाप्पा. सगळी मजा जाते तिची."

ऑक्टोबरची रजा म्हणायचं, पण तारीख दसरा ठरवायचा. दसऱ्याला त्या पांढरी साडी नेसून नवऱ्याबरोबर आणि मुलीबरोबर बुद्धविहारात जाऊन येत. दुसऱ्या दिवशी मुलीची शाळा उघडायची, नवरा त्याच्या ऑफिसला जायचा, आणि ताईंची रजा सुरू व्हायची ती दिवाळीच्या दोन दिवस आधीपर्यंत. दिल्लीत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांची रजा म्हणजे गाव. मे महिन्यात नाहीतर दिवाळीत गाड्या भरभरून जायचं, पाहुण्यारावळ्यांत फिरायचं, निम्मी रजा प्रवासात घालवून आजारी पडून परत यायचं. ही एकच बाई अशी पाहिली, जिनं वर्षभर रजा जपून ठेवली आणि स्वतःच्या बाल्कनीत खर्च केली.

पहिल्याच वर्षी त्यांनी मला घरी बोलावलं. म्हणाल्या, "शनिवारी ये. पण काही आणू नको, आणि आल्यावर काही करू नको." दोन बस बदलून गेले. दार उघडंच होतं. बाल्कनीत चटई, चटईवर चहाचा थर्मास, वर्तमानपत्रं पसरलेली, त्यांवर मातीची छोटी मडकी आणि रंगाच्या डब्या. आणि ताई चक्क गाऊनवर, केस मोकळे, कपाळाला हिरवा रंग. ऑफिसातल्या त्या कडक स्टार्चच्या बाईंना मी ओळखलंच नाही. ऊन सरकलं की त्या चटई सरकवायच्या, चटईबरोबर सगळा पसारा सरकायचा. दिल्लीचं ते ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांनाच ते कळेल. घाम गेलेला, थंडी अजून यायची, पंखा बंद करूनही बरं वाटतं असे मोजून तीन आठवडे असतात.

मी एक मडकं उचललं. "ताई, हा फुलकोबी का काढलात?"

"सप्तपर्णी आहे ते."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग त्या अशा हसल्या, अशा हसल्या, की चष्मा काढून पुसावा लागला. सांगायची गोष्ट ही, की ताईंच्या हातात कला नव्हती. एका वर्षी त्यांनी बासरी आणली, खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारून गेले की कुणी आजारी आहे का. एका वर्षी कागदाची फुलं केली, ती कोबीची पानं वाटायची. शेवंतीच्या कुंड्या तेवढ्या बऱ्या यायच्या, पण त्याचं श्रेय शेवंतीला. आणि तरी दरवर्षी काहीतरी नवं काढून त्या तीन आठवडे इतक्या रमायच्या की बघणाऱ्याला हेवा वाटावा. नियम एकच. 'कशासाठी?' असं विचारायचं नाही. मी एकदा विचारलं, तर त्यांनी मला पुढची शिंगाड्याची वाटी दिलीच नाही.

शिंगाडे ही त्यांची दुसरी चैन. ऑक्टोबरात आमच्याकडे हातगाड्यांवर उकडलेले शिंगाडे येतात. भंडारा तळ्यांचा जिल्हा, शिंगाड्यावर वाढलेली माणसं. त्या दातांनी साल फोडायच्या, बोटं काळी करून घ्यायच्या, आणि दिल्लीच्या शिंगाड्याला चव नाही असं म्हणत अख्खी टोपली संपवायच्या.

आणि पारिजातक. सोसायटीच्या कंपाउंडला त्याची, इथल्या भाषेत हरसिंगारची, तीन झाडं होती. सकाळी सहाला पूजेला फुलं नेणाऱ्या बायका यायच्या. ताई त्या गेल्यावर, आठला, झाडू लागायच्या आधी जायच्या. झाडूवाली कमला त्यांच्यासाठी झाडाखालचा तेवढा तुकडा सोडून बाकीचं अंगण झाडायची. ओंजळभर फुलं आणायची, केशरी देठ खुडायचे, वर्तमानपत्रावर सुकवायचे, डब्यात भरायचे. डबा भरला की देठ उकळायचे, तुरटी टाकायची आणि त्यात कापड बुडवायचं. पिवळ्या आणि केशरीच्या मधला असा काही रंग यायचा की दोरीवर कापड बघून समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका भाव विचारायच्या. दोन-चार धुण्यांत तो फिका व्हायचा. "कच्चा रंग आहे," ताई सांगायच्या, "म्हणून तर दरवर्षी करायला मिळते."

त्या पहिल्या शनिवारी मला आणखी एक गोष्ट दिसली. घड्याळात दोनला दहा कमी झाले तशा ताई उठल्या. मडकी पलंगाखाली, रंग कपाटात, वर्तमानपत्रं गोळा, चटई गुंडाळून दाराआड. हात-तोंड धुऊन साडी नेसल्या, केस बांधले, वरण गरम केलं. मी म्हटलं, "आज शनिवार आहे, कोण येणार आहे?" तर म्हणाल्या, "सुजाताची शाळा आहे न. अडीचला बस येते तिची." सुजाता आली तेव्हा घर असं आवरलेलं होतं जसं काही दिवसभर तिथे कुणी नव्हतंच. दप्तर टाकून पोरीनं विचारलं, "आई, आज क्या किया?" ताई म्हणाल्या, "काही नाही, बसले होते."

हे बसणं कुठून आलं, ते त्यांनी मला पुढे एका ऑक्टोबरात सांगितलं, शिंगाडे सोलता सोलता. त्यांची आई विड्या वळायची. "दिवसभर घरीच राहायची माय. पण बसलेली म्हणून कधी पाहिली नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हात चालूच. आम्ही बोलायचो तर मान वर नाही करायची." मग एका वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यातून पानंच आली नाहीत. आईला अख्खा दिवस मोकळा. "तिला सुचेचना काय करावं. भांडी दोनदा घासली. मग गेरू घेतला आणि भिंतीवर मोर काढला. मोर कसला, कोंबडी होती ती! पण काढून झाल्यावर माय समोर बसली आणि पाहत राहिली त्याच्याकडे, संध्याकाळपर्यंत. मी बाजूला बसली होती. सात-आठ वर्षांची असेन. माय एवढी देखणी आहे हे मला त्या दिवशी समजलं."

त्यांनी एक शिंगाडा सोलून माझ्या हातात ठेवला.

आता जी गोष्ट मला आवडत नाही ती सांगते. सुजाताची बारावी होती. ताईंनी फेब्रुवारीत रजेचा अर्ज केला. आमच्या कामाची तेव्हा धावपळ, बत्रासाहेबांना आयती संधी मिळाली. "अक्तूबर में बैठ लीं न, मैडम? अब दूसरों को भी बैठने दीजिए." अर्ज नामंजूर. सगळा सेक्शन सांगत होता, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, आजारपणाची रजा टाका, कोण बघतंय? मीही सांगितलं.

"मी आजारी नाही," ताई म्हणाल्या.

"अहो, पण पोरीची बारावी आहे!"

"तेच तर लिहिलं होतं अर्जात."

मला भयंकर राग आला त्यांचा. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. एवढी कसली बाई तत्त्वाची, की स्वतःच्या लेकरासाठी एक खोटा कागद आणवत नाही! रामटेकेकाका सुजाताला स्कूटरवरून सेंटरवर सोडायचे आणि ऑफिसला जायचे. गणिताच्या पेपरला ती सेंटरबाहेर उलट्या करत पायरीवर बसली होती. बाकीच्या पोरींच्या आया ग्लुकोजचं पाणी घेऊन उभ्या होत्या, त्यातल्याच कुणीतरी हिला पाणी पाजलं. ताई तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर आकडे तपासत होत्या. त्यांनी दिवसभर डबाही उघडला नाही.

पोरगी पुढे शिकली, गुडगावला मोठ्या कंपनीत लागली, तिकडेच राहायला गेली. हुशार, बोलायला तिखट, मराठीत निम्मी हिंदी. मला मावशी म्हणते. रामटेकेकाका गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी एका रविवारी आम्ही तिघी जेवत होतो. मी आपलं गंमत म्हणून ताईंच्या मडक्यांचा विषय काढला. माझंच चुकलं. सुजातानं चमचा खाली ठेवला.

"मावशी, तुला फनी वाटतं. माझ्या बोर्डच्या वेळी सगळ्यांच्या आया बाहेर होत्या. मला दुसऱ्याच्या आईने पाणी दिलं. माझी आई कुठे होती? ऑफिसमध्ये. क्योंकि तिची छुट्टी संपली होती. कशात संपली? मटके रंगवण्यात!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा पेलाच तोंडाला लावला. त्या म्हणाल्या, "भात घे अजून."

मला मेट्रोपर्यंत सोडायला त्या खाली आल्या. मी भडकलेच होते. "तिला सांगत का नाही, की अर्ज केला होता म्हणून?"

"नामंजूर झालेला अर्ज दाखवून काय करू? तिथं नव्हते ते तर खरंच आहे."

"मग माफी मागा आणि मोकळ्या व्हा."

"फेब्रुवारीची मागते, आत्ता वर जाऊन मागते. पण तिला ऑक्टोबरचीसुद्धा पाहिजे. ती नाही मागणार मी." थोडं चालल्यावर त्या थांबल्या. "चुकी माझी दुसरीच आहे, सातारकर. माय मी एक दिवस बसलेली पाहिली, तेवढ्यावर तिचं सगळं माफ केलं. हिला मी तो एक दिवससुद्धा दाखवला नाही. मला एकटीलाच पाहिजे होतं ना ते! ही यायची तेव्हा सगळं आवरून टाकलेलं. तिला काय दिसणार? रिकामी आई." मग म्हणाल्या, "एक सकाळ पाहिजे मला तिची. कामाच्या दिवसाची."

दर ऑक्टोबरात त्या सुजाताला विचारत. दर ऑक्टोबरात तिचं उत्तर एकच, "आई, वर्किंग डे आहे यार." रविवारी ती यायची, पण रविवारी ताई तिच्या आवडीचं रांधण्यात असायच्या.

ताई निवृत्त झाल्या तेव्हा मी म्हटलं, आता काय, बारा महिने ऑक्टोबर. तर म्हणाल्या, "छे! रजा घेतल्याशिवाय घरी बसण्यात काय मजा?" आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर एका अर्जाचा फोटो आला. रीतसर अर्ज. 'महोदया' वगैरे. कारण, घरी बसणे. मी तोवर सह्यांच्या खुर्चीत आले होते, तेव्हा मीही कागदावर 'मंजूर, काम अडत नाही' लिहून सही केली आणि फोटो पाठवला. त्यांनी त्याची प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवली. हा खेळ आमचा दरवर्षी चालला. दोनच्या आत पसारा आवरायची सवय मात्र गेली नाही. कुणी यायचं नसलं तरी दोनला दहा कमी असताना उठायच्या.

मग छातीचं दुखणं निघालं. दिल्लीत दिवाळीच्या सुमाराला धूर उतरतो, सकाळी समोरची बिल्डिंग दिसत नाही, हे काही मी नव्यानं सांगायला नको. ताईंना तो मानवेना. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात इथे राहू नका. दोन हिवाळे त्या नागपूरला पुतण्याकडे राहून आल्या. पण ऑक्टोबर सोडायला तयार नव्हत्या. धूर यायच्या आत जे काही तीन आठवडे मिळतील ते त्यांना त्यांच्या बाल्कनीत पाहिजे होते. त्यातल्याच एका वर्षी त्यांनी ट्रंक उघडली आणि आईची लुगडी काढली.

ह्या लुगड्यांबद्दल मी ऐकून होते, पाहिली नव्हती. हिरवं, जांभळं, एक विटकं लाल. इतकी वर्षं कात्री लावायची हिंमत झाली नव्हती. "आता मी नाही लावली तर कोण लावेल?" म्हणाल्या आणि कापायला बसल्या. गोधडी शिवायची होती. सुजातासाठी. आतलं अस्तर पारिजातकात रंगवलेलं. बासरी न आलेल्या, फुलकोबी काढणाऱ्या ह्या बाईचा टाका मात्र काय सांगू! तांदळाच्या दाण्याएवढा, एकासारखा एक. मी शेजारी बसून दोन ओळी घातल्या, तर त्या डोळे मिटून चहा पीत होत्या आणि म्हणाल्या, "मोठा पडून राहिला तुझा टाका."

"बघितलंत कुठे?"

"दोरा ओढल्याचा आवाज लांब येतो."

गोधडी कडेनं शिवत आत जातात, एकात एक चौकोन. ताईंचे निम्मे चौकोन झाले आणि त्या वर्षी धूर लवकर आला. एका सकाळी खोकता खोकता सुई हातातून पडली. हॉस्पिटल, ऑक्सिजन, सगळं झालं. सुजाता तेव्हा रात्रंदिवस होती, तिला मी नाव ठेवणार नाही. इन्शुरन्सचे कागद शोधायला तिनं आईचं कपाट उघडलं आणि तिथून मला फोन केला.

"मावशी, एक फाइल मिळाली. आईच्या लीव्ह ॲप्लिकेशनच्या कॉप्या आहेत सगळ्या. सगळ्यांवर सेम लिहिलंय." मग कागद चाळल्याचा आवाज आला. "एक फेब्रुवारीची आहे. लाल पेनने कट केलेली."

"हो," मी म्हटलं.

"त्यात लिहिलंय, बेटी की बारहवीं की परीक्षा है, उसके साथ घर पर बैठना है." तिचा आवाज फाटला. "तुला माहीत होतं?"

"मी शेजारच्या टेबलावर होते गं."

"मग सांगितलं का नाही कोणी मला?"

तुझ्या आईनं मला नजरेनं गप्प केलं होतं, एवढंच सांगितलं. आणि त्या दिवशी तिनं डबा उघडला नव्हता, हेही सांगितलं.

ताई त्या दुखण्यातून उठल्या, पण निम्म्याच उठल्या. पुढच्या दसऱ्याला विहारात चाकांच्या खुर्चीवरून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या गाझियाबादच्या घरून मेट्रोनं ऑफिसला जात असताना फोन वाजला. अर्जाचा फोटो. अक्षर ताईंचं नव्हतं. शाळेत कधी न लिहिलेलं मराठी, एकेक अक्षर सुटं. अर्जदार, सुजाता रामटेके. कारण, आईबरोबर घरी बसणे. आणि खाली, ओळखीच्या वळणात, 'शिफारस केली आहे. शकुंतला रामटेके.' मेट्रोत उभ्या उभ्या मला रडू कोसळलं. शेजारच्या बाईनं मला बसायला जागा दिली. मी बसून 'मंजूर' लिहून पाठवलं.

त्यानंतरच्या जानेवारीत ताई गेल्या. नागपूरला गेल्या, झोपेत गेल्या, ह्यापेक्षा जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. गोधडी सुजाताकडे गुडगावला आहे. कडेचे चौकोन तांदळाच्या दाण्याचे आहेत आणि मधले ढांगा टाकत गेल्यासारखे. पाऊस पडला की त्यातल्या लुगड्यांना अजून तंबाखूचा वास येतो म्हणे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या ऑक्टोबरातच, सुजाताची रजा चालू असताना. अर्धा दिवस टाकून गेले होते. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते सांगायला नको. दार उघडंच होतं. बाल्कनीत चटई, थर्मास, शिंगाड्याची सालं, वर्तमानपत्रावर सुकत घातलेले केशरी देठ. ताई उशांना टेकून उन्हात डोळे मिटून पडल्या होत्या, नाकात नळी, पायांवर गोधडीचं एक टोक. दुसरं टोक सुजाताच्या मांडीवर. केस मोकळे, कालचाच टी-शर्ट, जीभ दातांत धरून ती टाके घालत होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं, मी दारातच बसले. कितीतरी वेळ फक्त दोऱ्याचा आवाज येत होता, लांब लांब. ताई एकदा डोळे न उघडताच म्हणाल्या, "मोठा पडून राहिला." सुजाता म्हणाली, "पडू दे." आणि ताईंच्या ओठाच्या कडेला हसू आलं. मग बहुधा त्यांना झोप लागली.

ऊन कठड्याकडे सरकलं. घड्याळात दोनला दहा कमी होते. ताई झोपेतच चुळबुळल्या, हात चटईवर चाचपडायला लागले, सालं गोळा करायला लागले.

"दोन वाजत आले बाप्पा," त्या पुटपुटल्या. "आवरायला पाहिजे. सुजाता येईल शाळेतून."

सुजातानं सुई टोचून ठेवली आणि आईचा तो काळ्या बोटांचा हात धरला.

"आई, मी आलेय. सकाळपासून इथेच आहे."

ताईंनी डोळे उघडले. लेकीकडे पाहिलं, तिच्या केसांकडे, मांडीवरच्या गोधडीकडे, चटईभर पसरलेल्या सामानाकडे.

"हो का?" त्या म्हणाल्या. "मग राहू दे पसारा."